आरशातला निम्मा चेहरा

आंघोळीनंतर आरशावर वाफ धरली असेल तेव्हा एक डोळा मिटा आणि समोर दिसणाऱ्या आपल्या चेहऱ्याची कड बोटाने वाफेवर गिरवा. मग मोजा. गिरवलेला आकार खऱ्या चेहऱ्याच्या बरोबर निम्मा भरतो! थोडं जवळ जा, मागे सरका, तरी निम्माच. आपण आरशापुढे जितके, तितकीच आपली प्रतिमा आरशामागे. म्हणजे आरसा नेमका मध्यावर. रोज टिकली लावताना, दाढी करताना आपण हाच निम्मा चेहरा पाहतो आणि तो पूर्ण आहे असं जन्मभर मानतो.

डोळ्यांत शिरलेलं चित्र मेंदू आपल्या हाती देण्याआधीच दुरुस्त करून ठेवतो. त्यामुळे रस्त्याच्या टोकाला उभा असलेला माणूस आपल्याला बुटका वाटत नाही. जगायला ही फार मोठी सोय आहे; चित्र काढायला बसलं की मात्र तीच आड येते. पेन्सिलीचा सराव हा हाताचा सराव आहे असं आपण समजतो. मला वाटतं, त्यातला मोठा भाग ही दुरुस्ती घटकाभर थांबवण्याचा आहे.

एलिमेंटरी परीक्षेच्या वस्तुचित्राची तयारी करणाऱ्या मुलांच्या वह्या पाहा. तांब्याचं तोंड जवळजवळ पूर्ण गोल आणि बूड सरळ रेषेवर बसवलेलं. तोंड गोल असतं आणि बूड सपाट टेकतं, हे ठाऊक असतं ना! प्रत्यक्षात टेबलावरच्या तांब्याचं तोंड चपटं, लंबगोल दिसतं. आणि बुडाची कड नजरेच्या पातळीपासून अधिक खाली असल्याने तोंडापेक्षाही जास्त वाकलेली दिसते. चेहऱ्याचंही तसंच. डोळे कपाळाच्या जवळ काढले जातात. खरं तर ते डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात. बोटांनी मोजून पाहा, पटायला वेळ लागतो.

मेंदूला चकवायचा एक सुंदर उपाय बेटी एडवर्ड्स या अमेरिकन चित्रकलाशिक्षिकेने 1979 सालच्या आपल्या पुस्तकात दिला. पिकासोने काढलेलं संगीतकार स्ट्राविन्स्कीचं रेखाचित्र उलटं ठेवायचं आणि तसंच उतरवायचं. उलट्या चित्रात नाक, हात, खुर्ची पटकन ओळखू येत नाहीत. उरतात फक्त रेषा, त्यांचे कोन, मधल्या मोकळ्या जागा. नवशिक्याच्या हातूनही ते चित्र अनेकदा सुलट्यापेक्षा चांगलं उतरतं.

दुसरा उपाय जुना आहे. हात ताठ करून पेन्सिल समोर धरायची, एक डोळा मिटायचा आणि अंगठ्याने उंची-रुंदी मापायची. कोपर वाकता कामा नये, नाहीतर पेन्सिलीचं डोळ्यापासूनचं अंतर बदलतं आणि सगळी मापं बिघडतात.

छायाप्रकाशासाठी पांढऱ्या कागदावर एक अंडं ठेवा आणि खिडकीचा उजेड एका बाजूने येऊ द्या. सर्वांत गडद भाग सावलीकडच्या कडेवर नसतो, थोडा आत असतो. कडेवर कागदावरून परतलेला मंद उजेड पडतो. त्या गडद पट्ट्यासाठी 4बी ही मऊ पेन्सिल घ्या. पेन्सिलीचा मऊपणा तिच्यातल्या मातीवर ठरतो. 1795 साली फ्रान्समध्ये निकोला-जाक कोंते याने ग्राफाइटच्या भुकटीत माती कालवून कांड्या भाजल्या. माती कमी तितकी पेन्सिल मऊ आणि काळी, हे तंत्र आजही तेच आहे. कडेवरच्या उजेडाला एचबी पुरते, तीही अगदी हलक्या हाताने.