समुद्रातही बियाणे राखावे

कोणताही शेतकरी घरातले सगळे बियाणे खाऊन टाकत नाही. समुद्रात मात्र नेमके तेच होते. अंड्यांवर आलेली मोठी मासळी पकडली जाते आणि बारीक आसाच्या जाळ्यात पिल्लेही सापडतात. मग पाणी राहते, मासळी राहत नाही. असे पाणी पुन्हा भरते का? फिलिपीन्समधील अपो बेटाचा अनुभव याबाबत उपयुक्त आहे.

बेटावर काय केले?

अपो हे सुमारे 74 हेक्टरचे बेट. तेथे सुरुंग व विष वापरूनही मासेमारी होत असे. सिलिमन विद्यापीठाचे डॉ. अँजेल अल्काला व सहकाऱ्यांनी गावकऱ्यांना विषय समजावून दिला. 1982 साली प्रवाळाचा एक पट्टा मासेमारीस पूर्ण बंद झाला. बेटाच्या मासेमारी क्षेत्राचा हा केवळ 10 टक्के भाग होता. राखण गावकऱ्यांनीच केली. उरलेल्या पाण्यात गळासारख्या साध्या साधनांनी मासेमारी चालू राहिली. 1994 साली बेट व भोवतालचे पाणी संरक्षित क्षेत्र झाले.

परिणाम

1983 ते 2001 या काळात बंद पट्ट्यात दोन प्रमुख मत्स्यकुळांचे वजन तिपटीने वाढले. हद्दीलगतच्या पाण्यातही ही मासळी वाढली. 1985 ते 2001 या काळात या माशांची एकूण पकड 1981 पेक्षा जास्त होती. पाणबुड्या पर्यटकांच्या शुल्कातून गावाला उत्पन्नही मिळू लागले.

याचे कारण सोपे आहे. मोठी मादी लहान मादीपेक्षा कितीतरी पट अंडी देते. राखीव भागात मासा मोठा होतो आणि संख्या वाढली की हद्दीबाहेर पसरतो.

अर्थात, 2011 व 2012 च्या चक्रीवादळांनी याच पट्ट्यातील प्रवाळाची मोठी हानी केली. त्यामुळे एकाच जागेवर विसंबू नये.

आपण काय करावे?

1. 1 जून ते 31 जुलै ही मासेमारी बंदी काटेकोरपणे पाळावी.
2. बारीक आसाची जाळी वापरू नयेत. जिवंत पिल्ले परत सोडावीत.
3. मासळी जेथे अंडी घालते, त्या खाडीच्या व खडकाळ जागा मच्छीमार सोसायटीने एकमताने राखाव्यात.
4. दर हंगामातील पकडीची नोंद ठेवावी.

बंदीची पहिली काही वर्षे जड जातात. परंतु राखण गावाने स्वतःची मानली, तरच समुद्र पुन्हा पिकतो.