बोलणारा टीव्ही दुकानातच आहे, ग्राहकाला दाखवा तरी

टीव्ही दुरुस्त करणाऱ्या कारागिरांकडे अधूनमधून एक चमत्कारिक तक्रार येते. टीव्ही आपोआप बोलू लागला आहे, रिमोटचे बटण दाबले की बडबडतो, तेवढे बंद करून द्या. घरातल्या पोरांनी बटणे दाबता दाबता स्क्रीन रीडर चालू केलेला असतो, म्हणजे पडद्यावरची अक्षरे मोठ्याने वाचून दाखविणारी सोय. कारागीर दोन मिनिटांत ती बंद करतो आणि विषय संपतो. हीच बडबड ज्याला हवी आहे, असा अंध ग्राहक मात्र दुकानात आला तर "असा टीव्ही आपल्याकडे मिळत नाही" असे उत्तर ऐकून परत जाण्याचा संभव असतो.

परभणीच्या स्टेशन रोडपासून जिंतूर, गंगाखेडच्या बाजारापर्यंत टीव्हीच्या विक्रीत आणि दुरुस्तीत असलेल्या आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांनी या ग्राहकाकडे लक्ष द्यावे, म्हणून हा लेख. 2011 च्या जनगणनेत देशात दृष्टिदोष असलेल्यांची संख्या 50 लाखांहून अधिक नोंदली गेली आहे. मधुमेहाने किंवा काचबिंदूने उतारवयात नजर गेलेले वडीलधारेही यात आले.

अंध माणसाला टीव्ही कशाला, असे विचारणाऱ्यांनी एवढेच आठवावे की बातम्या, क्रिकेट, चर्चा हे सारे निम्म्याहून अधिक कानानेच घेतले जाते. आकाशवाणीचे परभणी केंद्र लावायला डोळे लागत नाहीत, बटण फिरवले की झाले. जुन्या टीव्हीचे चॅनेलही खटक्याचे बटण फिरवून, खटके मोजून लावता येत असे. टीव्ही "स्मार्ट" झाला आणि सगळा कारभार पडद्यावरच्या यादीत गेला. तेव्हापासून घरातला अंध माणूस साधे चॅनेल बदलण्यासाठीही नातवाला हाक मारू लागला.

येथे विक्रेत्यांकडून एक गफलत होते. माइक असलेला रिमोट दाखवून "बोला, टीव्ही ऐकतो" असे सांगितले जाते. पण ऐकणारा टीव्ही वेगळा आणि बोलणारा वेगळा. ग्राहकाने हुकूम दिला आणि पडद्यावर दहा चित्रांची रांग आली, तर त्यातले कोणते निवडावे हे त्याला कोण सांगणार? त्याला टीव्हीने उत्तर द्यायला हवे.

समाधानाची गोष्ट ही की यासाठी वेगळा माल मागवावा लागत नाही. गूगल टीव्ही आणि अँड्रॉइड टीव्हीवर चालणाऱ्या संचांत "टॉकबॅक" असते. सेटिंग्जमध्ये सिस्टम किंवा डिव्हाइस प्रेफरन्सेस उघडून ॲक्सेसिबिलिटीत पाहावे. सॅमसंगमध्ये याला "व्हॉइस गाइड" म्हणतात, एलजीमध्ये "ऑडिओ गायडन्स". मात्र मॉडेलनुसार फरक पडतो, तेव्हा खोक्यावरच्या जाहिरातीवर न जाता संच लावून पाहावा. स्वस्तातल्या जोडणीच्या टीव्हीबाबत अधिक सावध राहावे. त्यातल्या अनेकांत "अँड्रॉइड" लिहिलेले असले तरी गूगलची मान्यताप्राप्त टीव्ही प्रणाली नसते आणि टॉकबॅक सापडतच नाही.

घरात चांगला टीव्ही असेल तर तो बदलायला लावू नये. एचडीएमआयचे छिद्र असले की फायर टीव्ही स्टिक जोडता येते. तिच्यात "व्हॉइसव्ह्यू" आहे. रिमोटचे बॅक आणि मेनू ही दोन बटणे एकदम दोन सेकंद दाबून धरली की ते चालू होते, म्हणजे अंध माणूस ते स्वतःच्या हाताने करू शकतो. अशा ग्राहकाला मोठा संच गळ्यात मारण्यापेक्षा स्टिक विकणे आम्हाला अधिक बरोबर वाटते. नफा थोडा कमी, पण तो माणूस पुन्हा येतो.

भाषेचा प्रश्न नाजूक आहे. गूगलच्या वाचक आवाजांत मराठी, हिंदी, उर्दू तिन्ही आहेत, पण त्या विशिष्ट टीव्हीवर ते उतरवून घेता येतात का, हे त्याच संचावर तपासावे. इंग्रजी न कळणाऱ्या म्हाताऱ्याला इंग्रजीत बोलणारा टीव्ही मुकाच.

सर्वांत मोठी फसगत सेट टॉप बॉक्सची. टीव्ही स्वतःची यादी वाचतो, बॉक्सची नाही. डीटीएच किंवा केबलचा साधा बॉक्स लावला की टीव्ही गप्प होतो आणि ग्राहक म्हणतो, दुकानदाराने फसवले. हे आधीच सांगावे. अँड्रॉइड टीव्हीवर चालणारा बॉक्स घेता येतो. तो परवडत नसेल तर अंकांची बटणे असलेला रिमोट द्यावा. त्यातल्या 5 च्या बटणावर बहुधा बारीक उंचवटा असतो, त्यावरून बाकीचे अंक बोटाला सापडतात. नेहमीच्या दहा-पंधरा चॅनेलांचे क्रमांक ग्राहकाच्या मोबाइलमध्ये बोलून भरून दिले तर पाच मिनिटांत काम होते.

अमेरिकेत 2010 च्या कायद्याखालील नियमांनी डिसेंबर 2016 पासून टीव्हीच्या पडद्यावरील याद्या बोलत्या असणे बंधनकारक झाले. आपल्याकडे 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 42 मध्ये रोजच्या वापराची इलेक्ट्रॉनिक उपकरणे सर्वांना वापरता येतील अशी उपलब्ध व्हावीत, यासाठी सरकारने उपाय करावेत असे म्हटले आहे. काउंटरवर मात्र सोय दाखविणारा माणूस लागतो.

किमतीचे म्हणाल तर 22 सप्टेंबर 2025 पासून 32 इंचांवरील टीव्हीचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला. 32 इंचांपर्यंत तो आधीच 18 होता. तरीही या ग्राहकाला इंच मोजून दाखवू नयेत. पातळ टीव्हीचे स्पीकर बहुधा खाली तोंड करून असतात, आवाज घुमतो. उरलेला पैसा वेगळ्या स्पीकरवर घालावा, असे सुचवावे.

विक्रीच्या वेळी रिमोट ग्राहकाच्या हातात द्यावा आणि आपण गप्प राहावे. आवाज कमी-जास्त करणे, यूट्यूब उघडणे, परत मागे येणे ही तीन कामे त्याला जमली की सौदा करावा. बिलावर "स्क्रीन रीडर चालू करून दाखविला" एवढी ओळ लिहावी. हजरत तुराबुल हक यांच्या उरुसाला फेब्रुवारीत जिल्हाभरातून माणसे परभणीत येतात, त्या दिवसांत एक संच बोलता ठेवून दारात लावला तरी चौकशी सुरू होईल. आणि घरी जोडणी करायला जाणाऱ्या पोराला बजावून सांगावे की वायफाय, खाते वगैरे भरून झाल्यावर टॉकबॅक बंद करून येऊ नकोस.