जोड तोलामोलाची हवी

जत्रेतील कुस्तीच्या मैदानात पैलवानांची अंगकाठी आणि आजवरच्या कुस्त्या पाहून ‘जोड’ लावली जाते, कारण एकतर्फी कुस्तीत जिंकणाऱ्याला मान मिळत नाही आणि हरणाऱ्याला काही शिकता येत नाही. इंटरनेटवरून अनेकांनी एकत्र खेळण्याच्या व्हिडिओ गेममध्ये हीच जोड संगणकप्रणाली काही सेकंदांत लावते आणि त्या प्रक्रियेला ‘मॅचमेकिंग’ म्हणतात. एकमेकांना कधीही न पाहिलेल्या खेळाडूंचे बळ तोलायचे कसे, हा या प्रक्रियेपुढील मूळ प्रश्न असून त्याचे उत्तर व्हिडिओ गेमच्याही आधी बुद्धिबळाने शोधले होते.

रौनक साधवानी, संकल्प गुप्ता आणि दिव्या देशमुख हे ग्रँडमास्टर देणाऱ्या नागपूरला हे उत्तर अपरिचित नाही. अमेरिकेत स्थायिक झालेले हंगेरियन वंशाचे भौतिकशास्त्रज्ञ आर्पाद एलो यांनी तयार केलेली मानांकनपद्धती १९६० मध्ये अमेरिकेच्या बुद्धिबळ महासंघाने आणि १९७० मध्ये ‘फिडे’ या जागतिक महासंघाने स्वीकारली. या पद्धतीत प्रत्येक खेळाडूला एक अंक मिळतो आणि दोन अंकांतील फरकावरून निकालाची अपेक्षा काढली जाते. १६०० मानांकनाचा खेळाडू १४०० मानांकनाच्या खेळाडूशी खेळला, तर त्याच्याकडून दर डावामागे सरासरी सुमारे ०.७६ गुणाची अपेक्षा असते. एका डावात जास्तीत जास्त २० अंकांचा बदल होऊ शकतो असे धरले, तर अपेक्षेप्रमाणे जिंकल्यास त्याला जेमतेम ५ अंक मिळतात, मात्र हरल्यास तो सुमारे १५ अंक गमावतो. अनपेक्षित निकालाला अधिक वजन देणारी ही साधी रीतच आजच्या बहुतेक गेममधील मानांकनाचा पाया आहे.

तरीही एका अंकाने काम भागत नाही, कारण पाच सामने खेळलेल्या आणि पाचशे सामने खेळलेल्या खेळाडूंच्या अंकांवर सारखा भरवसा ठेवता येत नाही. म्हणून मार्क ग्लिकमन यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या ‘ग्लिको’ पद्धतीत अंकासोबत त्याची अनिश्चितताही मोजली जाते, तर मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी एक्सबॉक्ससाठी विकसित केलेल्या ‘ट्रूस्किल’ पद्धतीने संघाच्या विजयातून एकेका खेळाडूच्या कौशल्याचा अंदाज बांधण्याची सोय केली. नव्या खेळाडूचे मानांकन आरंभी झपाट्याने वरखाली होते आणि पुढे स्थिरावते, ते यामुळेच.

कौशल्याइतकेच अंतरही महत्त्वाचे असते. खेळाडूची कृती सर्व्हरपर्यंत, म्हणजे खेळ चालवणाऱ्या मध्यवर्ती संगणकापर्यंत, जाऊन तिचा प्रतिसाद परत येण्यास लागणाऱ्या वेळेला ‘पिंग’ म्हणतात. झिरो माइलच्या दगडामुळे नागपूर देशाचा मध्य म्हणून ओळखले जात असले, तरी सर्व्हर मुंबईसारख्या शहरांत किंवा सिंगापूरला असतात. इंटरनेटवरील माहिती वाहून नेणाऱ्या काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर वेगाने जातो, त्यामुळे जवळपास ७०० किलोमीटरवरच्या मुंबईला जाऊन येण्यास किमान ७ मिलिसेकंद, तर सुमारे साडेतीन हजार किलोमीटरवरच्या सिंगापूरला जाऊन येण्यास किमान ३५ मिलिसेकंद लागतात आणि वळणाच्या मार्गांमुळे प्रत्यक्ष वेळ याहून बराच अधिक असतो. म्हणून प्रणाली आधी जवळचे आणि जवळपास समान मानांकनाचे खेळाडू शोधते, ते न मिळाल्यास प्रतीक्षा वाढेल तशी मर्यादा सैल करत जाते. मध्यरात्री खेळाडू कमी असताना जोड विजोड लागण्याचे एक प्रमुख कारण हेच आहे.

जोड नेमकी लागली, तर खेळाडू साधारण निम्मे सामने हरतो आणि ते अपयशाचे नव्हे, तर तोलामोलाचा प्रतिस्पर्धी मिळाल्याचे लक्षण असते. हे न उमगल्याने काही जण अधिक मानांकनाची खाती विकत घेतात, तर काही कसलेले खेळाडू नवे खाते उघडून नवशिक्यांना नमवतात. दोन्हींमुळे अंक खोटा ठरतो आणि त्याची किंमत समोरच्या अनोळखी खेळाडूला मोजावी लागते.

मानांकन हा अंदाज असतो, अंतिम निवाडा नव्हे. २०२५ च्या महिला बुद्धिबळ विश्वचषकात पंधरावे मानांकन लाभलेल्या दिव्या देशमुख यांनी २८ जुलै रोजी जॉर्जियातील बटुमी येथे अंतिम फेरीच्या जलद टायब्रेकमध्ये कोनेरू हम्पी यांना हरवले आणि त्या भारताच्या ८८व्या ग्रँडमास्टर ठरल्या. मुलांच्या हातातील गेमकडे पाहताना पालकांनी आणि स्वतः मुलांनीही पडद्यावरील अंक किती वाढला यापेक्षा बरोबरीच्या प्रतिस्पर्ध्याकडून काय शिकता आले, हे आधी विचारावे.