रविवार

रवी म्हणजे सूर्य. त्याचा वार तो रविवार. सूर्याचेच दुसरे नाव आदित्य. त्यावरून आदित्यवार, आणि बोलता बोलता झिजून त्याचा झाला आइतवार. खेड्यांतील वृद्ध माणसांच्या तोंडी हा शब्द अजूनही ऐकू येतो. गोव्यात तोच ‘आयतार’ होतो.

पण रविवारनंतर सोमवारच का यावा? प्राचीन ज्योतिषी आकाशात सात ग्रह मानीत. सूर्य व चंद्र यांनाही ते ग्रहच समजत. त्यांत सर्वांत संथ शनी. त्याहून वेगवान अनुक्रमे गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध आणि चंद्र. दिवसाचे चोवीस भाग करून प्रत्येकाला ते ‘होरा’ म्हणत. हा शब्द मूळचा ग्रीकांचा. प्रत्येक होरेचा स्वामी याच क्रमाने एकेक ग्रह असे, आणि पहिल्या होरेच्या स्वामीचे नाव त्या दिवसाला मिळे. आता बोटांवर मोजून पाहा. पहिली होरा रवीची धरली, तर बाविसावी पुन्हा रवीचीच येते. तेविसावी शुक्राची, चोविसावी बुधाची आणि दुसऱ्या दिवसाची पहिली चंद्राची, म्हणजे सोमाची. म्हणून सोमवार! पुढचे वार तुम्हांला असेच काढता येतील.

महाराष्ट्रात रविवार हा खंडोबाचा वार. खंडोबाला मार्तंड म्हणतात, आणि मार्तंड हेही सूर्याचेच नाव आहे. रविवारी जेजुरीच्या गडावर भाविकांची दाटी होते व भंडाऱ्याने पायऱ्या पिवळ्या होतात.

तुम्हांला मात्र रविवार म्हटला की सुटी आठवत असेल. ही सुटी मुंबईच्या गिरणी कामगारांना सहजासहजी मिळाली नाही. तेव्हा गिरण्यांत विजेचे दिवे नव्हते. सूर्य उगवला की काम सुरू होई, तो मावळेपर्यंत चाले. आठवड्याची ठरलेली सुटी नसे. १८८४ मध्ये ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांच्या सभा भरविल्या. रविवारी विश्रांती मिळावी, अशा मागणीच्या अर्जावर साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या. तरी सहा वर्षे गेली. २४ एप्रिल १८९० रोजी सुमारे दहा हजार कामगार पुन्हा सभेला जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. त्या काळी एवढ्या समुदायापुढे स्त्रीने उभे राहणे ही लहान गोष्ट नव्हती. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली.