दमास्कसी पात्याची पारख

घडीचा चाकू घ्यावयास निघालेल्या गृहस्थापुढे विक्रेत्याने दमास्कसी पात्याचा चाकू उघडून ठेवला, की पात्यावर उमटलेल्या लहरींवर त्याची दृष्टी अशी काही खिळते, की बिजागरी, खटका, पोलादाची जात आणि मुठीची ठेवण या ज्या गोष्टींवर चाकूची खरी योग्यता अवलंबून असते, त्यांची चौकशी करावयाची राहूनच जाते. हे आकर्षण मला गैर वाटत नाही. नित्य खिशात बाळगावयाची वस्तू देखणी असावी, असेच माझे मत आहे. मात्र नक्षी सर्वांत शेवटी पाहावी, आणि ती पाहताना आपण नेमके काय पाहत आहो, हे ठाऊक असावे.

ज्या तलवारींमुळे दमास्कसचे नाव युरोपात मशहूर झाले, त्या जातीच्या तलवारींना लागणारे पोलाद दक्षिण हिंदुस्थानात आणि सिंहलद्वीपात मातीच्या बंद मुशींत सिद्ध होत असे. तेलंगणातील कोनासमुद्रम हे गाव त्याचे एक नामांकित केंद्र होते, आणि या पोलादाच्या खरेदीसाठी इराणी सौदागर तेथवर येत. लोखंडाबरोबर लाकूड व पाने मुशीत कोंडून ती दीर्घकाळ तापविली आणि मग सावकाश निवू दिली, म्हणजे शेकडा सुमारे दीड भाग कार्बन असलेली पोलादाची गोटी हाती येई; ती बेताच्या आचेवर ठोकून पाते घडविताना आतील अतिकठीण कण रांगांनी जमत, आणि आम्लाचा हात फिरताच त्या रांगा लहरींच्या रूपाने प्रकट होत. मुंबईच्या डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी या पोलादाचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांजकडे पाठविले. 1795 साली जॉर्ज पिअर्सन यांनी त्यांवर निबंध सादर केला, आणि पुढे मायकेल फॅरडेसारख्या शास्त्रज्ञानेही त्याच पोलादाचा छडा लावण्यात आपली बुद्धी वेचली. एकोणिसाव्या शतकात ही विद्या लुप्त झाली. विसाव्या शतकाच्या अखेरीस व्हर्होव्हन आणि पेंड्रे या अमेरिकन जोडीने (एक धातुशास्त्रज्ञ, दुसरा लोहार) प्रयोगांनी दाखविले, की त्या लहरींचे मूळ खनिजातील व्हॅनेडियमसारख्या द्रव्यांच्या अत्यल्प अंशात होते. ज्या कलेचा उगम आपल्या दख्खनच्या मातीत झाला, तिचा वृत्तान्त आपल्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक असावा, याची खंत वाटते.

आज दमास्कस म्हणून जे विकले जाते, ते बहुतेक सारे निराळ्या कुळातले. दोन जातींच्या पोलादाच्या पट्ट्या एकाआड एक रचून, भट्टीत तापवून, घणाखाली एकजीव कराव्यात, तो गठ्ठा लांबवून दुमडावा, पुन्हा जोडावा, आणि पाते घडल्यावर ते आम्लात बुडवावे, की निकेलयुक्त थर उजळ राहतो, दुसरा काळवंडतो, आणि नक्षी उमटते. आडव्या खाचा पाडून ते पुन्हा सपाट ठोकले तर शिडीची नक्षी होते, गठ्ठ्याला पीळ दिला तर ताऱ्यांसारखी. ही कलाही प्राचीन आहे. अमेरिकेत बिल मोरन यांनी 1973 साली असे चाकू प्रदर्शनात मांडल्यानंतर तिला तेथे नवा बहर आला. थरांचा आकडा सांगून भुरळ घालणाऱ्यास मात्र फारसे मनावर घेऊ नये, कारण थर एका मर्यादेपलीकडे वाढले की नक्षी इतकी सूक्ष्म होते की ती डोळ्यांस दिसेनाशी होते, आणि धार काही त्याने वाढत नाही.

धार ठरते ती पोलादाची जात आणि त्याला पाजलेले पाणी यांवर. म्हणून कोणती दोन पोलादे वापरली आणि रॉकवेल मापाने काठिण्य किती, हे विक्रेत्यास स्पष्ट विचारावे. उत्तर 58 ते 61 च्या दरम्यान असेल तर ठीक, आणि उत्तरच नसेल तर तो चाकू तेथेच ठेवावा. त्यानंतर पात्याची पाठ उजेडात धरावी. खऱ्या जोडकामाची नक्षी पाठीवरून पलीकडच्या बाजूस चालत जाते. केवळ वरवर कोरलेली नक्षी कडेशी थबकते. जपानी पद्धतीच्या पात्यात मधला गाभा एकाच कठीण पोलादाचा आणि नक्षी फक्त दोन्ही गालांवर असते, त्यामुळे धारेशी साधी पट्टी दिसते. ती लबाडी नव्हे, उलट मला ती रचना फार समंजस वाटते. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्याने गंज न चढणाऱ्या पोलादाचेच दमास्कस पाहावे. स्वीडनमधील सोडरफोर्स येथे पोलादाच्या भुकटीपासून ते तयार करतात; महाग असते, पण पावसाळ्याला पुरून उरते.

आता चाकूचे मर्म, म्हणजे बिजागरी. पाते उघडून दोन बोटांत धरावे आणि डावी-उजवीकडे हलवून पाहावे. किंचितही डुलले तर नक्षी कितीही मोहक असो, त्याचा मोह सोडावा. मिटल्यावर पाते मुठीच्या बरोबर मध्यावर बसले पाहिजे. फ्रान्समधील लागिओल घराण्याच्या चाकूंत पाते केवळ कमानीच्या जोरावर उघडे राहते, आणि फळे कापण्यास, पत्रे फोडण्यास तेवढे पुरते. पण टोकावर जोर देण्याचे काम असेल तर खटका हवाच. आतल्या पट्टीचा खटका पात्याच्या बुडाशी घट्ट भिडतो की निसटतो, याची खातरजमा दुकानातच करून घ्यावी. मूठ लाकडाची, शिंपल्याची वा हाडाची चालेल. हस्तिदंत आणि हरणाचे शिंग यांच्या व्यापारास आपल्याकडे कायद्याने मनाई आहे. तीन इंचांचे पाते खिशास पुरे, आणि विमानाच्या प्रवासात ते हातातल्या पिशवीत ठेवू नये, नाहीतर तपासणीत जप्त होईल.

लिंबू किंवा कैरी कापल्यावर पाते तत्काळ पुसून कोरडे करावे, आणि तेलाचा पातळ हात फिरवून ठेवावे. चामड्याच्या म्यानात महिनोन्महिने पडू देऊ नये, कारण चामडे दमटपणा धरून ठेवते. वापराने आणि सहाणेवर घासण्याने नक्षी हळूहळू फिकी होणारच. पाते पुन्हा आम्लात घालून ती उजळता येते, तेव्हा हे काम करणारा कारागीर कोण आणि तो त्याचे काय घेतो, हे खरेदीच्या वेळीच विचारून ठेवावे.