रात्री नऊची सुई
(वाढीच्या हार्मोनचे इंजेक्शन घरी देताना)

स्मरणिकेत दरवर्षी शिक्षण, नोकरी, संघटन यांवर लेख येतात. यंदा आम्ही जरा वेगळा विषय घेतला आहे. आम्ही डॉक्टर नाही. कला शाखेचे पदवीधर, बँकेत कारकून. परंतु गेली चार वर्षे तिसगावात आमच्या घरी रोज रात्री नऊ वाजता आमच्या धाकट्या मुलीला वाढीच्या हार्मोनचे इंजेक्शन दिले जाते आणि ते आम्ही उभयताच देतो. येणारेजाणारे विचारतात, "एवढ्याशा पोरीला साखर झाली का?" कोणी मागून हळहळतात. त्या सर्वांस एकदाच नीट सांगावे, आणि ज्यांच्या घरी असे मूल असेल त्यांची वर्षे आमच्यासारखी वाया जाऊ नयेत, एवढ्यासाठी हा लेख.

आमची चूक

मुलगी पाच वर्षांची असताना शिवलेला फ्रॉक सहाव्या वर्षीही तिला बसला. कापड वाचले म्हणून आम्ही हसलो. पुढच्या जूनमध्येही जुनाच गणवेश चालला. आजी म्हणाली, "आपल्या घरात सगळेच ठेंगणे. वाढंल उशिरानं." एके ठिकाणी दाखवले, तेथे वर्षभर टॉनिक दिले. नात्यातल्या एकाने तर सांगितले, "मुलगीच आहे, ठेंगणी असली म्हणून काय बिघडतं? कशाला पैसे घालता?" हे बोलणे आम्हांला तेव्हा खटकले नाही, ही कबुली आज द्यावीशी वाटते. मुलीच्या कमी उंचीची चौकशी मुलाच्या मानाने कमी होते, हा अनुभव जगभरच्या डॉक्टरांचा आहे. आमचे घरही त्यात आले.

डोळे उघडले ते शाळेतल्या बाईंनी. प्रार्थनेला मुले उंचीप्रमाणे उभी करतात. बाई म्हणाल्या, "ही दोन वर्षे रांगेत पहिलीच आहे, ते ठीक. पण हिच्यात आणि दुसऱ्या नंबरच्या मुलीत अंतर वाढत चाललंय. ते बघा." साडेसात वर्षांच्या वयात तिची उंची १०२ सेंटिमीटर होती आणि मागील वर्षभरात ती फक्त तीन सेंटिमीटर वाढली होती.

मूल वाढते कसे?

जन्मतः मुलाची लांबी साधारण ५० सेंटिमीटर असते. पहिल्या वर्षी ते सुमारे २५ सेंटिमीटर वाढते, दुसऱ्या वर्षी त्याच्या निम्मे. चार वर्षांनंतर वयात येईपर्यंत वाढ वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर असते. या वयात ती वर्षाला चार सेंटिमीटरपेक्षा कमी भरली, तर डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे. म्हणजे मूल किती उंच आहे यापेक्षा ते वर्षात किती वाढले, हा प्रश्न महत्त्वाचा.

आईवडिलांच्या उंचीचाही हिशेब असतो. दोघांची उंची सेंटिमीटरमध्ये मिळवावी. मुलगा असेल तर त्यात १३ मिळवावेत, मुलगी असेल तर १३ वजा करावेत, आणि येईल त्याची निमपट करावी. मुलाची अंतिम उंची साधारण त्या आकड्याच्या आसपास जाते. आमचा हिशेब मांडला तेव्हा ‘घरात सगळेच ठेंगणे’ हे उत्तर पुरेसे नाही, हे आम्हांला कळले.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. ती वाढीचे हार्मोन, म्हणजे संप्रेरक, रक्तात सोडते. त्याच्या प्रभावाने यकृतात दुसरा एक घटक तयार होतो आणि हाडांच्या टोकांशी असलेल्या कूर्चेच्या थरांत वाढ होते. वयात आल्यानंतर काही वर्षांनी हे थर कायमचे मिटतात. मग कितीही औषध दिले तरी उंची वाढत नाही. या उपचाराला पैशापेक्षाही वेळेची अडचण मोठी आहे, ती यामुळे.

तपासणी आधी, सुई नंतर

प्रत्येक बुटक्या मुलाला हे इंजेक्शन लागत नाही, हे ठळकपणे सांगितले पाहिजे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. यांतील बहुतेकांचा प्रश्न अन्नाचा, वारंवारच्या जुलाबांचा आणि आईच्या उपासमारीचा आहे. त्यावर औषध म्हणजे पोटभर सकस जेवण आणि स्वच्छ पाणी. हार्मोनची सुई तेथे उपयोगाची नाही.

म्हणून डॉक्टर प्रथम रक्तक्षय, थायरॉइड, मूत्रपिंड आणि गव्हामुळे होणारा आतड्यांचा आजार पाहतात. मुलगी असेल तर टर्नर सिंड्रोम नावाचा जन्मजात दोष नाही ना, याचीही तपासणी होते. उंचीची नोंद भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या तक्त्यावर करतात. पाच ते अठरा वर्षांच्या भारतीय मुलांसाठीचा सुधारित तक्ता २०१५ साली आला आणि त्या कामात पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर यांचा मोठा वाटा आहे, ही आपल्या भागाला अभिमानाची गोष्ट. नंतर डाव्या हाताचा व मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचे वय ठरवतात. शेवटी मुलाला सकाळी उपाशीपोटी नेऊन, औषधाने ग्रंथीला चालना देऊन, ठरावीक अंतराने अनेकदा रक्त घेतात. हार्मोन कमीच आहे असे ठरले, तर मेंदूचा एमआरआय करतात. तिसगावहून पुण्याच्या अशा पाच खेपा आम्ही एस.टी.ने केल्या. प्रत्येक खेपेस एक रजा.

हे औषध आले कोठून?

विद्यार्थ्यांसाठी थोडा इतिहास. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून हे हार्मोन मृत माणसांच्या पिट्युटरी ग्रंथीतून काढत असत. ते फार थोडे मिळे. पुढे असे औषध घेतलेल्या काही जणांना मेंदूचा जीवघेणा आजार झाल्याचे दिसले आणि १९८५ साली अमेरिकेत त्याचे वाटप थांबवले गेले. त्याच वर्षी तेथे जिवाणूंकडून प्रयोगशाळेत बनवून घेतलेल्या हार्मोनला मंजुरी मिळाली. आज वापरतात ते याच प्रकारचे, त्यात मानवी अवयवाचा अंश नाही. हे हार्मोन १९१ अमिनो आम्लांचे प्रथिन आहे. तोंडाने दिले तर डाळीतल्या प्रथिनासारखे पोटात पचून जाईल, म्हणून त्याची गोळी नाही, सुईच घ्यावी लागते. गाढ झोपेत शरीर स्वतः हे हार्मोन अधिक सोडते, त्यामुळे सुईची वेळ रात्रीची.

घरी सुई देताना

पहिल्या रात्री आमचा हात इतका थरथरला की, मुलगीच म्हणाली, "पप्पा, तुम्ही घाबरू नका." आता सर्व मिळून पाच मिनिटे लागतात. आमची रीत अशी:

१. साबणाने हात धुणे. औषध फ्रीजमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवणे. गार औषध जास्त झोंबते.

२. कुपीत पावडर असेल तर पाणी कडेने हळू सोडणे. कुपी हलवून फेस करू नये, तळहातांत अलगद फिरवावी. औषध गढूळ दिसले तर वापरू नये.

३. मात्रा डॉक्टर मुलाच्या वजनावरून ठरवतात. येथे फार जपावे. या हार्मोनचा एक मिलिग्रॅम म्हणजे तीन युनिट. इन्शुलिनच्या सिरिंजवरील युनिटचे आकडे इन्शुलिनसाठी असतात, या औषधासाठी नव्हेत. आपल्याकडे ४० च्या आणि १०० च्या अशा दोन सिरिंज मिळतात, त्याही सारख्या नाहीत. कोणत्या सिरिंजमध्ये कोणत्या रेघेपर्यंत भरायचे, हे डॉक्टरांकडून प्रत्यक्ष दाखवून व लिहून घ्यावे. पुढे आम्ही पेन घेतले, त्यात आकडा फिरवून मात्रा ठरते.

४. सुई कातडीखालच्या चरबीत द्यायची. मांडीचा पुढचा-बाहेरचा भाग, कुल्ल्याचा वरचा-बाहेरचा भाग, किंवा बेंबीपासून दूर पोटावर. कातडी चिमटीत धरून सुई घालावी, औषध सोडल्यावर दहा अंक मोजावेत, मग काढावी. जागा चोळू नये.

५. रोज जागा बदलावी. एकाच जागी दिल्यास तेथे खळगा किंवा गाठ होते. आमच्या घरी कॅलेंडरच्या चौकोनात ‘डा’ आणि ‘उ’ लिहितात. ते काम मुलीचे. "पप्पा, आज डावी," असे ती स्वतःच सांगते.

६. एखादी रात्र चुकली तर दुसऱ्या दिवशी दुप्पट देऊ नये.

७. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाकाव्यात. बाटली भरली की झाकण पक्के करून दवाखान्यात द्यावी, उकिरड्यावर नव्हे.

दर तीन ते सहा महिन्यांनी उंची, वजन आणि रक्त तपासावे लागते. मूल लंगडू लागले, कंबर किंवा गुडघा दुखू लागला, डोके फार दुखून उलट्या झाल्या, अंधुक दिसू लागले, तहान व लघवी फार वाढली, तर तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे.

फ्रीज, वीज आणि पैसा

औषध २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते. गोठता मात्र कामा नये. पहिल्याच उन्हाळ्यात वीज सारखी जात होती. आम्ही शहाणपणा करून फ्रीजचे बटण शेवटपर्यंत फिरवले आणि कुपी बर्फाच्या कप्प्याला टेकवून ठेवली. सकाळी तिच्यात बर्फ. वितळल्यावर ती पूर्वीसारखीच स्वच्छ दिसली, म्हणून वापरण्याचा मोह झाला. डॉक्टरांनी फोनवर सांगितले, "फेकून द्या. गोठल्यावर प्रथिन बिघडते, दिसत नाही एवढेच." बरेच दिवसांचे औषध एका रात्रीत गेले. तेव्हापासून औषध मधल्या फळीवर, डब्यात. वीज गेली तर फ्रीज उघडायचा नाही. फार वेळ गेली तर थर्मासमध्ये बर्फाच्या पिशव्या, वर फडके, मग औषध.

खर्च मुलाच्या वजनाबरोबर वाढतो आणि अनेक घरांत तो महिन्याला पाच आकडी होतो. पगारदार असूनही आम्ही पतपेढीचे कर्ज काढले. ज्याला पगार नाही त्याने काय करावे? केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणात, तपासणीने सिद्ध झालेल्या हार्मोनच्या कमतरतेचा आणि टर्नर सिंड्रोमचा समावेश आहे. २०२२ मध्ये या धोरणाखालील मदतीची मर्यादा ५० लाख रुपयांपर्यंत नेली गेली. नेमून दिलेल्या केंद्रांमार्फतच ही मदत मिळते आणि मुंबईचे के.ई.एम. रुग्णालय त्यांपैकी एक आहे. प्रत्येकास मंजुरी मिळेलच असे नाही, परंतु अर्ज न करता घरी बसणे हे आपले नुकसान आहे.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. आपल्या पाथर्डी तालुक्यातून कितीतरी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. कोपीत फ्रीज कोठून आणणार? आणि सहा महिने मूल गावात नसेल तर त्याची उंची मोजणार कोण? आठवड्यातून एकदाच द्यायच्या इंजेक्शनला अमेरिकेत २०२१ साली मंजुरी मिळाली आहे. असे औषध स्वस्त होऊन कोपीपर्यंत पोहोचेल, त्या दिवशी विज्ञान आपल्या वस्तीत आले असे म्हणता येईल.

मूल म्हणजे उंची नव्हे

पहिल्या वर्षी आमची मुलगी नऊ सेंटिमीटर वाढली. त्या जूनमध्ये नवा गणवेश घ्यावा लागला आणि तो खर्च करताना आम्हांला जो आनंद झाला तो शब्दांत सांगता येत नाही. पण दोन वर्षे आम्ही घालवली, ती परत येणार नाहीत. तिची अंतिम उंची त्यामुळे किती कमी भरेल, कोणी सांगू शकत नाही. हाडांचे वय मुलींत साधारण १४ आणि मुलांत १६ झाले, की हा उपचार बहुधा थांबतो.

सुरुवातीस आम्ही ही गोष्ट लपवत होतो. पाहुणे आले की आतल्या खोलीत सुई. एकदा मुलीने विचारले, "मी काही वाईट केलंय का?" त्या दिवसापासून लपवणे बंद. तिला आम्ही अर्जेंटिनाच्या लिओनेल मेस्सीची गोष्ट सांगितली. लहानपणी त्यालाही हीच कमतरता होती, तो रात्री स्वतःच पायात सुई घेत असे, आणि उपचाराचा खर्च बार्सिलोनाच्या क्लबने उचलला. २०२२ साली त्याच्या संघाने विश्वचषक जिंकला. मेस्सी फार उंच झाला नाही, हेही तिला सांगितले. खुजेपणा हा दोष नव्हे आणि उंची ही लायकी नव्हे. उपचार असताना तो न मिळणे, हा मात्र अन्याय आहे. धडधाकट, नीट वाढणाऱ्या मुलांना केवळ उंच दिसण्यासाठी जाहिरातींतील पावडरी किंवा ही सुई देऊ नये, हेही त्याच न्यायाने.

शेवटी संस्थेस एक सूचना. दरवर्षी आपण गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करतो. त्याच दिवशी सभागृहाच्या भिंतीवर मोजपट्टी चिकटवून येणाऱ्या प्रत्येक मुलामुलीची, अनवाणी, पाठ भिंतीला लावून उंची घ्यावी आणि वहीत नोंदवावी. पुढच्या वर्षी तीच वही उघडावी. जिथे फरक चार सेंटिमीटरपेक्षा कमी दिसेल, त्या घरी एका कार्यकर्त्याने जाऊन यावे. खर्च एका वहीचा आणि मोजपट्टीचा. आमच्या मुलीसाठी अशी वही नव्हती. तुमच्या मुलांसाठी ती असावी.