मोटारीचा तुटलेला आंस : परीक्षा आणि बदल

बैलगाडीचा आंस मोडला तर गाडी वाटेंत बसते आणि कारण डोळ्यांना दिसतें. मोटारीचा आंस मोडला असतां मात्र मोटार चारी चाकांवर नीट उभी असते, एंजिन चालू असतें, गियरही पडतो, आणि तरी ती जागची हालत नाहीं. अशा वेळीं बहुतेक जण ‘क्लच गेला’ असें म्हणून मोकळे होतात. आम्हींही तसेंच म्हटलें, व त्या एका शब्दापायीं आमचे पैसे, दोन दिवस आणि चिकूचा माल गेला. त्या अनुभवांतून जें शिकलों तें सभासद बांधवांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

१ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर जिल्हा ठाण्यापासून वेगळा झाला. पुढें आमची कारकुनी पालघरास व वाडी तारापुराकडे, अशी स्थिति झाल्यामुळें आम्ही एक जुनी मारुति ८०० विकत घेतली. निवृत्तीनंतर तीच मोटार वाडींतील माल बोईसरास पोंचविण्याच्या कामीं आली. गेल्या दिवाळीपासून वळणावर तिच्या पुढील चाकाशीं ‘कट्-कट्’ असा आवाज येऊं लागला होता. सरळ रस्त्यास लागतांच तो थांबे, म्हणून आम्हीं त्याकडे दुर्लक्ष केलें. माघांत एके सकाळीं बोईसरच्या वाटेवर, माल भरलेला असतां, खडाड असा आवाज झाला आणि मोटार उभी राहिली. ज्या कारखान्यांत ती ओढून नेली तेथें क्लच गेल्याचें निदान झालें. क्लचची नवी प्लेट मागविली गेली. दुसरे दिवशीं गियर बॉक्स उतरविण्यासाठीं आंस ओढूं लागतांच त्याचे दोन तुकडे हातांत आले! जुनी प्लेट सुस्थितींत होती. परंतु नव्या प्लेटीची किंमत व मजुरी आमच्या माथीं बसली, आणि पाट्यांतील चिकू तोंवर मऊ पडला.

पुढें एका वृद्ध मिस्त्र्यास आम्हीं ही हकीकत सांगितली. त्यानें एकच प्रश्न केला, “भाऊसाहेब, मोटार उभी असतां वेगाचा कांटा हालत होता का?” आम्हीं तिकडे पाहिलेंच नव्हतें. आयुष्यभर पंचनाम्याशिवाय कागद पुढें न सरकविणाऱ्या आम्हांस याची मनापासून लाज वाटली.

प्रश्नांतील मर्म कळण्यासाठीं मोटारीची रचना थोडी समजून घ्यावी. मारुति ८०० ही मोटार डिसेंबर १९८३ मध्यें रस्त्यावर आली व २०१४ च्या आरंभीं तिचें उत्पादन बंद झालें. हिचीं पुढचीं चाकें ओढणारीं आहेत. एंजिनची शक्ति क्लचमधून गियर बॉक्समध्यें जाते, तेथून डिफरन्शियल नांवाच्या दांतेरी चाकांच्या जुळणींत येते, व तेथून दोन पोलादी दांड्यांनीं डाव्या व उजव्या चाकास पोंचते. या दांड्यांस ड्राइव्ह शाफ्ट म्हणतात. आपल्याकडील मिस्त्री त्यांसच ‘एक्सल’ म्हणतात. बैलगाडीचा आंस भार वाहतो. हा आंस चाकास फिरवितो. पुढील चाक वळतें आणि खांचखळग्यांत खालींवरही होतें, म्हणून दांड्याच्या दोन्ही टोकांस लवचीक सांधा लागतो. चाकाकडील सांध्यांत सहा पोलादी गोळ्या खांचांतून सरकतात. ही युक्ति आल्फ्रेड झेप्पा या एंजिनियरानें १९२६ सालीं काढली, आणि इंग्लंडांत १९५९ सालीं निघालेल्या मिनी मोटारीमुळें ती लहान मोटारींत रूढ झाली. सांध्यांत वंगण भरून त्यावर घडीदार रबरी बूट चढविलेला असतो.

डिफरन्शियलचा गुण असा कीं, ज्या बाजूस अडथळा कमी त्या बाजूस तें फिरतें. एक आंस तुटला कीं तुटकें टोक मोकळें फिरतें आणि शाबूत बाजूच्या चाकास कांहींच जोर मिळत नाहीं. एका आंसाच्या तुटण्यानें सारी मोटार उभी राहते ती यामुळें.

आतां परीक्षा. पहिली कांट्याची. सपाट मोकळ्या जागीं, पुढें-मागें कोणी नाहीं असें पाहून, पहिला गियर घालावा व क्लच हळू सोडावा. मोटार उभी असून वेगाचा कांटा वर चढला, तर शक्ति क्लच व गियर बॉक्स ओलांडून पुढें आली असें ठरतें, आणि दोष आंसाचा आहे. एंजिन घोंघावतें पण कांटा शून्यावरच राहतो, तर क्लचकडे अगर गियर बॉक्सकडे पाहावें. मात्र कांट्याची तार पूर्वीपासून तुटलेली नसावी. ही परीक्षा दोन-चार क्षणांपुरतीच करावी. अधिक वेळ फिरविल्यास डिफरन्शियलचे दांते झिजतात.

दुसरी परीक्षा हातानें करावयाची. एंजिन बंद करून हातब्रेक ओढावा, मागील चाकांस दगड लावावे, पुढील एक चाक जॅकनें उचलून खालीं भक्कम आधार द्यावा आणि गियर घालावा. आंस शाबूत असतील तर उचललेलें चाक किंचित् हालून अडतें. तें सहज फिरलें तर कोठला तरी आंस तुटला आहे. चाक फिरवितांना दांडा थेट गियर बॉक्सपर्यंत फिरत असेल तर ती बाजू शाबूत व दुसरी तुटलेली. दांडा मध्येंच थांबत असेल तर तीच बाजू तुटलेली. केवळ जॅकच्या भरंवशावर मोटारीखालीं कोणीही शिरूं नये.

येथें एक धोका सांगणें अवश्य आहे. आंस तुटलेली मोटार गियरमध्यें ठेवली तरी उतारावर थांबत नाहीं. हातब्रेक आणि चाकाखालीं दगड, हे दोन्ही हवेत. ती ओढून नेतांनाही पुढचीं चाकें उचलून न्यावीं, नाहींतर तुटकें टोक फिरून ब्रेकची नळी फोडतें.

आंस बदलण्याचें काम मिस्त्र्याचें. पण धन्यास क्रम ठाऊक असावा. मोटार चाकांवर असतांनाच हबाच्या मोठ्या नटाची अडकण काढून नट सैल करावा. मग गियर बॉक्समधील तेल काढून, मोटार आधारावर घेऊन चाक उतरवावें. खालच्या आर्मचा सांधा सोडवून हब बाहेर ओढावा व आंसाचें टोक मोकळें करावें. ब्रेकच्या नळीस ताण देऊं नये. आंतील टोक गियर बॉक्समध्यें तारेच्या कड्यानें अडकलेलें असतें. तें पहारीनें बेतानें उचकटावें, शेजारचें तेलाचें सील फाटूं देऊं नये. तुकडे जुळवून पाहावे. एखादी कपची आंत राहिली तर गियर बॉक्सचा नाश ठरलेला.

नवा आंस जुन्याशेजारीं ठेवून लांबी व दांते मोजावे, कारण एकाच नांवाच्या मोटारींतही सालागणिक फरक पडतात. सात-बारा न पाहतां खरेदीखत करावयाचें नाहीं, तसेंच हें. कडें नवें घालावें, सीलच्या ओठास वंगण लावावें, आणि आंस ‘खट्’ असा बसेपर्यंत आंत लोटावा. आंतील सांधा धरून ओढल्यास तो सुटतां कामा नये. नट नवाच घ्यावा, व मोटार जमिनीवर उतरवून कंपनीच्या पुस्तिकेंत दिलेल्या मापाइतका आंवळून त्याची अडकण पक्की करावी. तेल ठरल्या पातळीपर्यंत भरावें. थोडे किलोमीटर चालवून गळती होते कीं काय तें पाहावें. आंस हबांत नसतां मोटार चाकांवर ढकलूं नये. हबाचें बेअरिंग बिघडतें.

जुन्या अँबॅसडर, प्रीमियर पद्मिनी किंवा जीपसारख्या मागील चाकांनीं चालणाऱ्या मोटारींत आंस बंद नळींत असतो. तेथें मोटार उभी असून मधला लांब दांडा मात्र फिरत असेल, तर बहुधा आंसच गेला असें समजावें. हें पाहणें दूर उभें राहून व्हावें.

शेवटीं, हा आंस एका दिवसांत मोडत नाहीं. आधीं रबरी बूट फाटतो, मग वंगण उडून जातें, चिखलपाणी आंत शिरतें, गोळ्या व खांचा झिजून वळणावर कट्-कट् सुरू होते, आणि अखेर सांधा फुटतो. आपल्या किनाऱ्यावर भातखाचरांच्या वाटांचा चिखल आणि खारी हवा यांमुळें हें लवकर घडतें. यास्तव पावसाळ्यापूर्वीं एकदां व नंतर एकदां, चाक पुरतें वळवून चारही बूट पाहावे. चीर दिसतांच, आवाज सुरू होण्यापूर्वीं, बूट बदलून नवें वंगण भरावें. गाडीच्या आंसास वंगण घातल्याविना आपल्या वडिलांनीं बैल जुंपले नाहींत. मोटारीच्या आंसासही तेवढीच निगा लागते. आणि ती उभी राहिलीच, तर क्लचचें नांव घेण्यापूर्वीं कांटा पाहावा.